‘फिक्स’ला मराठीत काय म्हणावे? उपग्रह-स्थाननिश्चितीच्या उपकरणांवरील शब्दांविषयी

प्रश्न : मार्गदर्शिका लिहिणारा सदस्य

सर्वांना नमस्कार. उपग्रहांच्या आधारे स्थाननिश्चिती करणाऱ्या उपकरणांसाठी मी मराठीत एक छोटी मार्गदर्शिका लिहीत आहे. तिचे वाचक दिवसभर रोव्हरचा, म्हणजे फिरत्या रिसीव्हरचा, दांडा हातात घेऊन पॉइंट घेत (जागोजागची स्थाने मोजत) फिरणारे आहेत. त्यांना काम येते, उपकरण हाताखालचे आहे, परंतु पडद्यावरचे शब्द ते खुणेसारखे ओळखतात, अर्थाने ओळखत नाहीत. हिरवी पट्टी दिसली की रीडिंग घ्यायचे, पिवळी असली की थांबायचे, एवढ्यावर काम चालते, आणि ते बिनचूक चालते तोवर कोणाचे काही अडत नाही. पट्टी हिरवी असूनही पॉइंट चुकीचा आला, तर मात्र तो का चुकला हे शोधायला त्यांच्याजवळ शब्द नसतात.

माझी गाडी ‘फिक्स’ या शब्दापाशीच अडली. पहिल्या मसुद्यात मी ‘फिक्स्ड’साठी ‘स्थिर’ आणि ‘फ्लोट’साठी ‘तरंगती’ असे शब्द योजले होते. मसुदा वाचून पाहणाऱ्या एका सहकाऱ्याने ‘स्थिती स्थिर होईपर्यंत थांबा’ हे वाक्य वाचले, दांड्याचे टोक मातीत दाबले आणि दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून तो उभा राहिला. त्याच्या समजुतीने हलत होता तो दांडा. चूक त्याची नव्हती, माझ्या शब्दाची होती. शिवाय त्याच उपकरणाच्या दुसऱ्या पानावर ‘थ्रीडी फिक्स’ असे दिसते, आणि तेथे ‘फिक्स’चा अर्थ निराळाच आहे, हे मला त्यानंतर उमगले.

इतर शब्दांचीही हीच गत आहे. ‘अल्मनॅक’ आणि ‘एफेमेरिस’ या दोन्हींसाठी मी ‘उपग्रहांची माहिती’ असे लिहून मोकळा झालो होतो. ‘अ‍ॅक्युरसी’ आणि ‘प्रिसिजन’ या दोन्हींना ‘अचूकता’ म्हटले होते. ‘एलिव्हेशन’ जेथे दिसेल तेथे ‘उंची’ लिहिले आणि ‘एपॉक’ला ‘कालखंड’ केले. आता या प्रत्येक ठिकाणी आपण वाचकाची दिशाभूल करत आहोत अशी शंका मला छळते आहे. कोणते शब्द मराठीत आणावेत, कोणते उपकरणावर आहेत तसेच देवनागरीत ठेवावेत, आणि ठेवलेल्या शब्दांचा अर्थ कसा फोडून सांगावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


उत्तर १ : भूमापनाचे काम करणारा सदस्य

आपण हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या शब्दांच्या घोटाळ्यातून झालेल्या चुका निस्तरण्यात माझे बरेच दिवस गेले आहेत. माझे मत आधी सांगतो. पडद्यावर जो शब्द दिसतो तो बदलू नये, कारण वाचणाऱ्याला तोच शब्द शोधायचा असतो. मात्र एकाच शब्दाखाली दोन वस्तू लपल्या असतील तर त्या मराठीत वेगळ्या केल्याच पाहिजेत. परका शब्द तितकासा त्रास देत नाही. दोन अर्थांचा एक शब्द फार त्रास देतो.

‘फिक्स’चेच पाहू. नौकानयनाच्या जुन्या वापरात ‘फिक्स’ म्हणजे नकाशावर आपण कोठे आहोत याची केलेली निश्चिती. ‘थ्रीडी फिक्स’मधला फिक्स हा आहे: पुरेसे उपग्रह मिळाले आणि अक्षांश, रेखांश व उंची या तिन्ही गोष्टींचे उत्तर निघाले, एवढेच तो सांगतो. ते उत्तर पाच मीटरने चुकलेले असले तरी ती ‘थ्रीडी फिक्स’च असते. येथे ‘स्थाननिश्चिती झाली’ असे लिहिल्याने अर्थ पुरा होतो.

आरटीके म्हणजे ठाऊक असलेल्या जागी ठेवलेल्या ‘बेस’ रिसीव्हरकडून येणाऱ्या दुरुस्त्या (करेक्शन) वापरून रोव्हरचे स्थान सेंटिमीटरपर्यंत काढण्याची पद्धत. तिच्यातला ‘फिक्स्ड’ मात्र स्थानाबद्दल बोलत नाही, तो एका आकड्याबद्दल बोलतो. उपग्रहाकडून येणाऱ्या एल१ या वाहक लहरीची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे तिची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर. एका लहरीचा कितवा भाग आत्ता अँटेनापाशी आहे, हे रिसीव्हर काही मिलिमीटरपर्यंत मोजू शकतो. पण उपग्रहापासून अँटेनापर्यंत अशा पूर्ण लहरी किती मावल्या, हे त्याला मोजता येत नाही, कारण सगळ्या लहरी सारख्याच दिसतात. एखाद्याने मोजपट्टीवरचे मिलिमीटर अचूक वाचावेत, पण पट्टी किती वेळा टाकली हेच त्याला ठाऊक नसावे, तशी ही अवस्था असते. ही अज्ञात संख्या पूर्णांकच असली पाहिजे. गणित सुरू होते तेव्हा रिसीव्हर ती अपूर्णांकात धरून चालतो, समजा ३.४ किंवा ७.८, आणि त्या अवस्थेला ‘फ्लोट’ म्हणतात. तेथे काही तरंगत नसते. पूर्णांकाची अट अजून लावलेली नसते इतकेच. सर्व उपग्रहांचे पूर्णांक विश्वासाने ठरले की ते गणितात कायम केले जातात आणि पडद्यावर ‘फिक्स्ड’ येते. म्हणून मी आमच्या टिपणांत ‘फिक्स्ड : लहरींचे पूर्णांक ठरले’ आणि ‘फ्लोट : पूर्णांक अजून ठरायचे आहेत’ असे लिहितो. आपल्या सहकाऱ्याने हे वाचले असते तर त्याने दांड्याकडे पाहिले नसते.

यातूनच आपल्या हिरव्या पट्टीचे उत्तर मिळते. पूर्णांक ठरवणे हा संभाव्यतेचा निर्णय आहे आणि तो क्वचित चुकतो. झाडांखाली किंवा उंच भिंतीशेजारी, जेथे लहरी परावर्तित होऊन येतात, तेथे चुकीचे पूर्णांक कायम होऊ शकतात. मग पट्टी हिरवी राहते, पडद्यावर १ सेंटिमीटरचा दर्जाही दिसतो आणि पॉइंट मात्र काही डेसिमीटरने, कधी त्याहूनही जास्त, बाजूला असतो. महत्त्वाचा पॉइंट असेल तर ठरलेले पूर्णांक टाकून देऊन, काही वेळाने, नव्याने ‘फिक्स्ड’ मिळवून तो पुन्हा घ्यावा. लागोपाठ दहा रीडिंगे घेऊन ही चूक पकडली जात नाही, कारण दहाही रीडिंगांत तोच चुकीचा पूर्णांक असतो.

आता उंचीबद्दल, कारण माझ्या दृष्टीने ‘फिक्स’पेक्षाही मोठा घोळ तेथे आहे. ‘एलिव्हेशन’ हा शब्द उपग्रहांच्या यादीत दिसला तर तो क्षितिजापासून उपग्रह किती अंशांवर आहे तो कोन असतो. त्याला खगोलशास्त्रातला ‘उन्नतांश’ हा आपला शब्द तयार आहे, आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या ‘अ‍ॅझिमथ’ला ‘दिगंश’. ‘एलिव्हेशन मास्क १५’ म्हणजे १५ मीटर उंची नव्हे; ज्यांचा उन्नतांश १५ अंशांपेक्षा कमी आहे ते उपग्रह गणितात घेऊ नयेत, ही ती सूचना आहे. क्षितिजालगतच्या उपग्रहाचा संदेश वातावरणातून फार लांब तिरका प्रवास करून येतो, म्हणून त्याला वगळायचे.

पॉइंटच्या माहितीत ‘एलिव्हेशन’ दिसले तर ती उंचीच असते, पण कशापासूनची? रिसीव्हरला गणितातून मिळते ती एलिप्सॉइडपासूनची उंची, म्हणजे पृथ्वीसाठी मानलेल्या एका गुळगुळीत, ध्रुवांपाशी चपट्या आकृतीपासूनची. पाणी मात्र त्या आकृतीला ओळखत नाही. ते गुरुत्वाकर्षण ओळखते, आणि शांत समुद्रपातळी जो गुरुत्वीय पृष्ठभाग धरते त्याला जिऑइड म्हणतात. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात हा जिऑइड एलिप्सॉइडच्या सुमारे १०० मीटर खाली आहे, तर न्यू गिनीच्या परिसरात सुमारे ८० मीटर वर. त्यामुळे होडीत बसूनही रिसीव्हरने उणे १०० मीटर उंची दाखवली तर तो बिघडलेला नसतो. मार्गदर्शिकेत ‘एलिप्सॉइडी उंची’ आणि ‘समुद्रपातळीपासूनची उंची’ असे दोन शब्द ठेवा आणि नुसता ‘उंची’ हा शब्द कोठेही एकटा सोडू नका.

तिसरी उंची अँटेनाची. एकदा आम्ही बेस स्टेशनची अँटेना-उंची टेपने अँटेनाच्या तळापर्यंत मोजली, पण कंट्रोलरमध्ये (रिसीव्हर चालवण्याच्या हातातल्या यंत्रात) ती ‘फेज सेंटर’पर्यंतची उंची म्हणून भरली गेली. फेज सेंटर म्हणजे अँटेनाच्या आत ज्या बिंदूपाशी लहर पोहोचली असे गणित मानते तो बिंदू. त्या अँटेनात तो तळापासून ९ सेंटिमीटर वर होता. दिवसभराच्या प्रत्येक पॉइंटची उंची ९ सेंटिमीटरने कमी आली. पॉइंट एकमेकांशी अगदी जुळत होते, म्हणून कोणालाही संशय आला नाही. संध्याकाळी एका जुन्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवर, दांडा ठेवला तेव्हा फरक दिसला. ‘अँटेना हाइट’ या शब्दापुढे ‘कोठपर्यंत मोजली?’ हा प्रश्न आपण छापूनच टाकावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.


उत्तर २ : रिसीव्हरसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा सदस्य

वरील उत्तराशी सहमत आहे. मी उपकरणाच्या आतल्या बाजूने काही शब्दांचे सांगतो.

‘अल्मनॅक’ आणि ‘एफेमेरिस’ यांतला भेद मराठी वाचकाला सांगणे सोपे आहे, कारण आपल्याकडे पंचांग आहे. जुन्या ज्योतिर्गणितात ‘मध्यम ग्रह’ आणि ‘स्पष्ट ग्रह’ असा भेद करतात: मध्यम म्हणजे सरासरी गतीने काढलेले ढोबळ स्थान आणि स्पष्ट म्हणजे सर्व संस्कार करून काढलेले नेमके स्थान. अल्मनॅक हे उपग्रहांचे मध्यम स्थान आहे असे म्हणता येईल. त्यात सर्व उपग्रहांच्या कक्षा ढोबळपणे दिलेल्या असतात आणि ते काही आठवडे उपयोगी पडते. कोणता उपग्रह साधारण कोठे शोधावा, एवढे त्यावरून कळते. एफेमेरिस हे स्पष्ट स्थान. प्रत्येक जीपीएस उपग्रह केवळ स्वतःची एफेमेरिस पाठवतो, ती काही तासांतच शिळी होते, आणि स्थाननिश्चितीचे गणित तिच्याशिवाय होत नाही.

हा भेद वाचकाच्या उपयोगाचा आहे, कारण ‘कोल्ड स्टार्ट’ला वेळ का लागतो ते त्यातून समजते. जीपीएसच्या एल१ वरचा मूळ संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येतो. १५०० बिटांचा एक संच पूर्ण यायला ३० सेकंद लागतात आणि त्यात त्या उपग्रहाची एफेमेरिस असते. अल्मनॅक मात्र अशा २५ संचांत वाटलेले असल्याने ते पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. रिसीव्हरजवळ काहीच साठवलेले नसेल तर ती कोल्ड स्टार्ट, अल्मनॅक व अदमासे वेळ असेल पण एफेमेरिस शिळी असेल तर वॉर्म, आणि एफेमेरिसही ताजी असेल तर हॉट. कोल्ड स्टार्टसाठी ‘शीत आरंभ’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. ते वाचून हवामानाचा संबंध वाटतो. ‘कोरी सुरुवात’ असे म्हटले तर अर्थ नेमका पोहोचतो.

‘स्यूडोरेंज’ला ‘छद्म अंतर’ म्हणतात. शब्द बरा आहे, पण का ‘छद्म’, हे सांगावे. उपग्रहांवर अणुघड्याळे असतात, रिसीव्हरमध्ये साधे क्वार्ट्‌झ. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणून रिसीव्हरचे घड्याळ तेवढे चुकले की मोजलेले प्रत्येक अंतर ३०० मीटरने चुकते. चूक सर्व उपग्रहांना सारखी लागू होते, म्हणून तिला चौथी अज्ञात राशी मानून चौथ्या उपग्रहाच्या साहाय्याने ती सोडवता येते. किमान चार उपग्रह लागतात ते याच कारणाने. घड्याळाची चूक काढून टाकेपर्यंत ते अंतर खरे नसते, म्हणून ते छद्म.

दिशेच्या शब्दांकडे आपण लक्ष द्यावे असे सुचवतो, कारण आपल्या यादीत ते नाहीत आणि पडद्यावर नक्की असणार. ‘हेडिंग’, ‘कोर्स’ आणि ‘बेअरिंग’ या तिन्हींना ‘दिशा’ म्हटले की घोळ झालाच. होडीचे नाक उत्तरेकडे आहे, प्रवाह तिला पूर्वेकडे ढकलतो आहे, म्हणून ती प्रत्यक्षात ईशान्येकडे सरकते आहे, आणि जायचे ठिकाण वायव्येला आहे. नाकाची दिशा ती हेडिंग, सरकण्याची दिशा तो कोर्स, ठिकाणाची दिशा ती बेअरिंग. मी ‘मुखदिशा’, ‘गतिदिशा’ आणि ‘लक्ष्यदिशा’ असे लिहितो. एकाच अँटेनाच्या रिसीव्हरला मुखदिशा स्वतःहून कळत नाही. तो हालचालीवरून गतिदिशा काढतो. म्हणून उभ्या वाहनातल्या पडद्यावरचा बाण भिरभिरतो. मुखदिशा हवी असेल तर दोन अँटेना, होकायंत्र किंवा जायरो लागतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. रिसीव्हर बाहेर जी वाक्ये पाठवतो ती बहुधा एनएमईए ०१८३ या मांडणीत असतात. त्यांतल्या जीजीए वाक्यात अक्षांश ‘४५३०.०००’ असा येतो. नवीन प्रोग्रॅमर त्याला शंभराने भागतो आणि ४५.३० अंश लिहितो. पण ते ४५ अंश ३० मिनिटे आहेत, म्हणजे ४५.५० अंश. फरक ०.२ अंशाचा, जमिनीवर सुमारे २२ किलोमीटरचा. हीच चूक मी स्वतः केली होती, आणि ती लगेच सापडली नाही, कारण मिनिटांचा आकडा लहान असलेल्या ठिकाणी फरक लहान दिसतो. त्याच वाक्यात दर्जाचा एक अंक असतो: ० म्हणजे उत्तर नाही, १ म्हणजे साधी स्थाननिश्चिती, २ म्हणजे डिफरन्शियल (बाहेरून आलेली दुरुस्ती लावलेली), ४ म्हणजे आरटीके फिक्स्ड आणि ५ म्हणजे आरटीके फ्लोट. ५ हा ४ पेक्षा मोठा असूनही दर्जाने कमी आहे, हे मार्गदर्शिकेत ठळक छापावे. पुढे समुद्रपातळीपासूनची उंची येते आणि तिच्या लगेच नंतर जिऑइड व एलिप्सॉइड यांतला फरक. दोहोंची बेरीज केली की एलिप्सॉइडी उंची मिळते.

वेळेचेही दोन अर्थ आहेत. जीपीएसची स्वतःची वेळ लीप सेकंद (प्रमाणवेळेत मधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) पाळत नाही, त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. एनएमईए वाक्यात यूटीसी असते, कच्च्या निरीक्षणांच्या फाइलीत बहुधा जीपीएस वेळ. सेकंदाला १० मीटर वेगाने चाललेल्या वाहनाच्या नोंदी या दोन वेळा न ओळखता जुळवल्या तर त्या १८० मीटरने सरकतात.


मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. ‘पूर्णांक ठरले’ हे शब्द मी लगेच मसुद्यात घेतले. आता एक शंका राहिली. उपकरणाच्या माहितीपत्रकात ‘२.५ मीटर सीईपी’ आणि ‘८ मिमी + १ पीपीएम’ असे आकडे आहेत, आणि पडद्यावर ‘एचडीओपी २.०’ असे दिसते. ही सर्व ‘अचूकता’च आहे का? एचडीओपी २.० म्हणजे २ मीटरची चूक, असे मी आजवर समजत आलो आहे.


उत्तर ३ : निरीक्षणांचे संस्करण करणारा सदस्य

नाही, आणि ही समजूत फार जणांची आहे. डीओपीला एककच नाही. तो गुणक आहे. उपग्रह आकाशात कसे पसरले आहेत, एवढेच तो सांगतो. चार उपग्रह आकाशाच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाले असतील तर त्यांच्या अंतरांच्या रेषा जवळजवळ समांतर येतात आणि त्यांचा छेद लांबट, अस्पष्ट होतो; चहूदिशांना पसरलेले असतील तर छेद नेटका येतो. प्रत्येक अंतरातली चूक दीड मीटर असेल आणि एचडीओपी २.० असेल, तर आडवी चूक सुमारे ३ मीटर. तोच एचडीओपी असताना आरटीकेमध्ये अंतरातली चूक मिलिमीटरांत असते, म्हणून उत्तर सेंटिमीटरात येते. मी त्याला ‘मांडणी-गुणक’ म्हणतो, कारण उपग्रहांच्या मांडणीपलीकडे तो काहीच मोजत नाही. एचडीओपी आडव्या स्थानाचा, व्हीडीओपी उंचीचा. उंचीचा जवळजवळ नेहमीच मोठा असतो, कारण आडव्या दिशेत उपग्रह सर्व बाजूंना मिळतात, पण उंचीच्या दिशेत फक्त वरच असतात; पायाखालच्या उपग्रहाचा संदेश पृथ्वीतून येत नाही.

सीईपी म्हणजे असे वर्तुळ की ज्यात निम्मी रीडिंगे पडतात. म्हणजेच ‘२.५ मीटर सीईपी’ लिहिलेल्या उपकरणाची उरलेली निम्मी रीडिंगे २.५ मीटरच्या बाहेर जाणार, हे त्या आकड्यातच मान्य केलेले आहे. चुका सर्व बाजूंना सारख्या विखुरलेल्या असतील तर शंभरातील ९५ रीडिंगे सामावणारे वर्तुळ सीईपीच्या सुमारे २.१ पट असते, म्हणजे येथे ५ मीटरहून थोडे मोठे. दोन पत्रकांची तुलना करताना आकड्याआधी हे पाहावे, की एकाने ५० टक्क्यांचा आणि दुसऱ्याने ९५ टक्क्यांचा आकडा तर छापलेला नाही ना. मार्गदर्शिकेत ‘निम्म्या रीडिंगांचे वर्तुळ’ असे लिहावे. ‘वर्तुळाकार संभाव्य त्रुटी’ हा शब्दशः अनुवाद वाचून कोणालाच निम्म्यांची अट कळत नाही.

‘८ मिमी + १ पीपीएम’ यातला दुसरा भाग बेसपासूनच्या अंतरावर वाढतो: दर किलोमीटरला १ मिलिमीटर. बेस २० किलोमीटर दूर असेल तर साध्या बेरजेने २८ मिलिमीटर. बेस आणि रोव्हर जवळ असताना दोघांच्या डोक्यावरचे आयनांबर आणि तपांबर जवळजवळ सारखे असते, म्हणून त्यांचा परिणाम वजाबाकीत जातो. अंतर वाढले की तो उरू लागतो.

आता ‘अ‍ॅक्युरसी’ आणि ‘प्रिसिजन’. रीडिंगे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते प्रिसिजन. खऱ्या स्थानाच्या किती जवळ आहेत ते अ‍ॅक्युरसी. वरच्या उत्तरातला ९ सेंटिमीटरचा प्रसंग हे याचे उत्तम उदाहरण आहे: पॉइंट परस्परांशी जुळत होते, खऱ्या उंचीशी नव्हते. परिभाषेत ‘यथार्थता’ आणि ‘परिशुद्धता’ असे शब्द आहेत, पण दांडा धरणाऱ्या वाचकाला त्यांतला कोणता कशासाठी हे लक्षात राहत नाही, असा माझा अनुभव आहे. मी अ‍ॅक्युरसीला ‘अचूकता’ आणि प्रिसिजनला ‘सुसंगती’ म्हणतो. पडद्यावर सेंटिमीटरांत जो दर्जा दिसतो तो बहुतांशी सुसंगतीचा अंदाज असतो. तो रिसीव्हरने स्वतःच्याच निरीक्षणांवरून काढलेला असतो आणि बेसचे स्थान चुकीचे भरले आहे हे त्याला कधीही कळत नाही.

‘एपॉक’ला ‘कालखंड’ म्हणू नये, कारण त्यात काळाची लांबी नाही. तो क्षण आहे. तोही दोन प्रकारचा. ‘५ एपॉक घ्या’ म्हणजे पाच क्षणांची निरीक्षणे घ्या; सेकंदाला एक नोंद होत असेल तर पाच सेकंदांचे काम. डेटमच्या, म्हणजे सहनिर्देशके ज्या संदर्भचौकटीत मोजतात तिच्या, नावापुढे ‘एपॉक २०१०.०’ असे असेल तर तो संदर्भक्षण: ही सहनिर्देशके २०१० च्या आरंभी जमीन जेथे होती त्यानुसार दिली आहेत, असा त्याचा अर्थ. भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात, त्यामुळे हा क्षण सांगितल्याशिवाय सेंटिमीटरचे स्थान अपुरे राहते. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. तेथील जुने डेटम १९९४ च्या आणि नवे २०२० च्या संदर्भक्षणाला बांधलेले आहे, आणि दोहोंत सुमारे १.८ मीटरचा फरक पडला आहे. उपकरण निर्दोष, पूर्णांक ठरलेले, बेस जवळ, आणि तरीही पावणेदोन मीटरहून मोठी तफावत, ती केवळ एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. म्हणून ‘निरीक्षणक्षण’ आणि ‘संदर्भक्षण’ असे दोन शब्द ठेवावेत.


उत्तर ४ : प्रशिक्षण देणारा सदस्य

पंचांगाच्या तुलनेबद्दल एक सावधगिरी सुचवतो. समजावण्यासाठी ती उत्तम आहे, पण नोंदीचे शीर्षक ‘अल्मनॅक’च असावे. मी एकदा शीर्षकातच ‘उपग्रह-पंचांग’ लिहिले आणि शिकणाऱ्यांनी ते वर्षभर चालते असे गृहीत धरले. शिवाय पडद्यावर ‘डाउनलोडिंग अल्मनॅक’ असे आले तेव्हा त्यांना आपली नोंद सापडली नाही.

उपग्रहांच्या संख्येबद्दलही एक भेद जोडावा. पडद्यावर ‘१८/३२’ असे दिसते तेव्हा ३२ हे दिसणारे आणि १८ हे गणितात वापरलेले उपग्रह असतात. ‘सॅटेलाइट्स’ असा एकच शब्द वाचून पुष्कळजण मोठ्या आकड्यावर समाधान मानतात. वापरलेल्यांचा आकडा अचानक उतरला तर काहीतरी आड आले आहे असे समजावे.


मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे ऋण मानतो. आपल्या सूचनांवरून मी नोंदी नव्याने लिहिल्या. शीर्षक उपकरणावरचेच, देवनागरीत, त्याखाली अर्थ, आणि जेथे शब्द दुहेरी आहे तेथे दोन स्वतंत्र नोंदी. ‘फिक्स’च्या दोन, ‘एलिव्हेशन’च्या दोन, ‘एपॉक’च्या दोन झाल्या. ‘अँटेना हाइट’पुढे ‘कोठपर्यंत मोजली?’ हा प्रश्न ठळक अक्षरांत छापला आहे.

फ्लोटची नोंद आता अशी आहे: “फ्लोट : लहरींचे पूर्णांक अजून ठरलेले नाहीत. दांडा घट्ट धरल्याने ते ठरत नाहीत. वर आकाश मोकळे आहे का, वापरलेले उपग्रह किती आहेत आणि बेसकडून आलेल्या करेक्शनचे वय किती सेकंद आहे, ते पाहा. वय एक-दोन सेकंदांच्या आसपास असावे. ते सारखे वाढत असेल तर करेक्शन पोहोचत नाही.”

काल तोच सहकारी ही नोंद वाचून रोव्हर घेऊन उभा राहिला. पडद्यावर फ्लोट होते. त्याने वर पाहिले, आकाश मोकळे होते; करेक्शनचे वय पाहिले तर ते ४० सेकंदांवरून पुढे चालले होते. त्याने दांडा आडवा ठेवला आणि तो करेक्शन पाठवणाऱ्या मोडेमची अँटेना तपासायला बेसकडे गेला.